जोडावे, सोडावे की रेघ द्यावी?

समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने 'आपल्या परिसरातील साप' नावाची चाळीस पानांची पुस्तिका काढायचे ठरवले आहे. सहाजणांनी कामे वाटून घेतली. एकाने विषारी सापांची माहिती जमवली, दुसरीने सर्पदंशावरील उपचार लिहून काढले, तिसऱ्याने शेतात आढळणाऱ्या सापांची चित्रे काढून त्याखाली ओळी लिहिल्या. महिन्याभराने सर्वांची हस्तलिखिते एकत्र आली. माहिती चोख, अक्षर वळणदार, चित्रे सुबक. पण सलग वाचायला बसावे तो काय दिसते? एका पानावर 'बिनविषारी' आहे, दुसऱ्यावर 'बिन-विषारी' आणि तिसऱ्यावर 'बिन विषारी'. कोणी 'सर्पदंश' लिहिले आहे, कोणी 'सर्प-दंश', तर कोणी 'सर्प दंश'.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रेघेने असे काय बिघडते? धामण चावली तरी विष चढत नाही, एवढे कळले म्हणजे झाले!

ठीक आहे. मग तीच माहिती मोठ्या अक्षरांत तक्त्यावर लिहून तो गावच्या चावडीत लावला आहे, अशी कल्पना करा. तक्त्याची रुंदी बेताची. धामणीच्या चित्राखाली पहिल्या ओळीत 'धामण हा बिन' एवढे शब्द मावले आणि दुसरी ओळ सुरू झाली ती 'विषारी साप आहे' अशी. येताजाता नजर टाकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत काय भरेल? धामण उंदीर खाते, म्हणून ती शेतकऱ्याच्या उपयोगाची. पण दुसरी ओळ तेवढी वाचून गेलेल्या माणसाची काठी तिच्यावर पडायला वेळ लागणार नाही. 'बिनविषारी' हा शब्द जोडून लिहिला असता तर तो असा मध्येच तुटला नसता. तोडावाच लागला असता, तर ओळीच्या शेवटी 'बिन-' अशी रेघ आली असती आणि शब्द अजून संपलेला नाही, हे वाचणाऱ्याला कळले असते.

या आडव्या छोट्या रेघेला आपण व्याकरणाच्या तासाला संयोगचिन्ह म्हणतो. ते दोन कामे करते असे पुस्तकात दिलेले असते : दोन शब्द जोडणे, आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिल्यास तसे दाखवणे. ही माहिती बरोबर आहे, पण विज्ञानाच्या लेखनाला ती पुरत नाही. कारण कोणते दोन शब्द रेघेने जोडायचे, कोणते एकत्र लिहायचे आणि कोणते सुटे ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. एकटा लेखक असेल तर तो आपल्या सवयीने काहीतरी एक ठरवून टाकतो. अनेक हात एका पुस्तकावर काम करू लागले, की अनेक सवयी एकत्र येतात.

आणि वाचक बिचारा सरळ मनाचा असतो. शब्दाचे रूप बदलले, म्हणजे अर्थही बदलला असणार, असे तो धरून चालतो. चौथ्या पानावर 'सूक्ष्मजीवशास्त्र' आणि अकराव्या पानावर 'सूक्ष्म जीवशास्त्र' वाचले, की ही दोन वेगवेगळी शास्त्रे असावीत असे त्याला वाटते. त्याचे वाटणे अगदीच चूक नाही! सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे सूक्ष्मजीवांचे शास्त्र. जिवाणू, विषाणू, बुरशी यांचा अभ्यास. 'सूक्ष्म जीवशास्त्र' असे सोडून लिहिले, तर 'सूक्ष्म' हे विशेषण जीवशास्त्राला लागते. मग सूक्ष्म कोण, जीव की शास्त्र? लिहिणाऱ्याने नुसती एक जागा मोकळी सोडली आणि विषयच बदलला.

तेव्हा निर्णय कसा घ्यायचा ते पाहू या. त्यासाठी लागणारे हत्यार तुमच्या दप्तरातच आहे : समासाचा विग्रह.

'रक्तदाब' या शब्दाचा विग्रह करा. रक्ताचा दाब. 'सूर्यग्रहण' म्हणजे सूर्याचे ग्रहण, 'पर्जन्यमापक' म्हणजे पर्जन्य मोजणारे साधन, 'मानवनिर्मित' म्हणजे मानवाने निर्मिलेले. या सर्व शब्दांत दोन पदांच्या मध्ये चा, ने, साठी असा एखादा प्रत्यय किंवा शब्द दडलेला आहे. पहिले पद दुसऱ्याच्या सेवेला उभे आहे आणि दोघांचा मिळून एकच अर्थ झाला आहे. अशा शब्दांत रेघेचे काही काम नाही. ते सरळ एकत्र लिहावेत.

आता 'भरती-ओहोटी' घ्या. भरती आणि ओहोटी. येथे कोणीच कोणाच्या सेवेला नाही. दोन्ही पदे बरोबरीची आहेत आणि आपापला अर्थ राखून आहेत. 'आम्ल-अल्कली', 'बेरीज-वजाबाकी', 'पूर्व-पश्चिम' हे याच जातीचे शब्द. रेघेच्या जागी 'आणि' किंवा 'किंवा' घालून पाहा. वाक्य नीट वाचता आले तर रेघ योग्य आहे. 'दोन-तीन थेंब' म्हणजे दोन किंवा तीन थेंब. द्वंद्व समास असे आपण ज्याला म्हणतो त्याचीच ही परीक्षा आहे. 'आईवडील' सारखे रोजच्या वापरातले शब्द छापील पुस्तकांत जोडूनही आढळतात आणि ते चुकीचे नाहीत. पण विज्ञानात दोन वेगळ्या गोष्टींची जोडी दाखवायची असते, तेव्हा रेघ दिलेली बरी. 'आम्लअल्कली' असे वाचून हा एकच पदार्थ आहे असे कोणाला वाटायला नको.

मराठीत जोडून लिहिण्याचा आणखी एक परिणाम होतो. तो इंग्रजी लिहिणाऱ्याला सोसावा लागत नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे जे नियम ठरवले, त्यांप्रमाणे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले 'अणु', 'गति', 'वायु', 'धातु' हे शब्द मराठीत सुटे लिहिताना शेवटचे अक्षर दीर्घ होते : अणू, गती, वायू, धातू. पण हेच शब्द समासात पहिले आले की मूळचे ऱ्हस्व रूप कायम राहते. म्हणून 'अणू' पण 'अणुभट्टी'. 'गती' पण 'गतिशास्त्र'. 'धातू' पण 'धातुशास्त्र'. पक्षी आणि प्राणी यांचेही तसेच : 'पक्षिनिरीक्षण', 'प्राणिसंग्रहालय'. म्हणजे जोडायचे की सोडायचे हे ठरल्याशिवाय उकार पहिला की दुसरा, हेदेखील ठरत नाही! पुस्तिकेत एकाने 'अणुभट्टी' आणि दुसऱ्याने 'अणू भट्टी' लिहिले, की शुद्धलेखन तपासणारे गुरुजी दोघांकडेही पाहून कपाळाला हात लावणार. रेघ दिली तरी समास मोडत नाही, म्हणून माझ्या मते 'अणु-रेणू' असे पहिले पद ऱ्हस्वच ठेवावे. 'पाणीपुरवठा' मात्र असाच राहील. 'पाणी' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नाही, तो मराठीच्या घरचा आहे.

आता विज्ञानात वारंवार येणाऱ्या एका खास प्रकाराकडे वळू. एखादे सुटे अक्षर किंवा आकडा शब्दाला जोडला जातो, तेव्हा काय करावे?

जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांना १८९५ साली काही अदृश्य किरण सापडले. ते कशाचे बनले आहेत हे ठाऊक नव्हते, म्हणून बीजगणितातील अज्ञात संख्येचे अक्षर त्यांनी त्या किरणांना दिले. आपल्याकडे बीजगणितात अज्ञातासाठी 'क्ष' वापरण्याची पद्धत. म्हणून ते मराठीत 'क्ष-किरण' झाले. येथे रेघ का? कारण 'क्ष' हा शब्द नव्हे, अक्षराचे नाव आहे. 'क्षकिरण' असे लिहिले तर 'क्षकि' असे काहीतरी वाचत डोळा अडखळतो. 'क्ष किरण' असे सुटे लिहिले तर ओळीच्या शेवटी एकटा 'क्ष' लटकत राहतो.

याहून गमतीचे उदाहरण जीवनसत्त्वांचे आहे. गाजर, पालेभाज्या, अंडी यांपासून आपल्याला जे जीवनसत्त्व मिळते आणि ज्याच्या अभावी रातांधळेपणा येतो, त्याचे नाव 'अ'. आता ते शब्दाला जोडून लिहून पाहा : 'अजीवनसत्त्व'. झाला की नाही घोटाळा? मराठीत शब्दाच्या आधी जोडलेला 'अ' नकार दाखवतो. धातू नव्हे तो 'अधातू', सेंद्रिय नव्हे ते 'असेंद्रिय'. त्या चालीवर 'अजीवनसत्त्व' म्हणजे जे जीवनसत्त्वच नव्हे ते! म्हणून 'अधातू' जोडून लिहायचे, कारण तिथला 'अ' नकाराचा आहे; आणि 'अ-जीवनसत्त्व' रेघ देऊन लिहायचे, कारण तिथला 'अ' नावाचा आहे. त्याच्या सोबतीने मग 'ब-जीवनसत्त्व', 'क-जीवनसत्त्व' यांनाही रेघ द्यावी. 'ब' आणि 'क' यांच्याबाबतीत घोटाळा होत नसला तरी. एका कुटुंबातील भावंडांचे कपडे वेगवेगळ्या कापडांचे कशाला?

मग 'गॅमा किरण' यांचे काय, असे कोणी विचारील. गॅमा हेही अक्षराचेच नाव. पण ते देवनागरीत लिहिताना दोन अक्षरांचा चांगला उभा राहणारा शब्द होतो. तो लटकतही नाही आणि पुढच्याला चिकटतही नाही. मी स्वतः 'गॅमा किरण' सुटे लिहितो. तुमच्या मंडळाने 'गॅमा-किरण' ठरवले तर माझी तक्रार नाही. मात्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसेच राहिले पाहिजे.

आकड्यांच्या बाबतीत इतकी मोकळीक नाही. 'कार्बन-१४' हे कार्बनच्या एका समस्थानिकाचे नाव आहे. त्याच्या अणुगर्भात ६ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन मिळून १४ कण असतात, म्हणून चौदा. नेहमीचा कार्बन तो बहुतांशी कार्बन-१२. कार्बन-१४ हा किरणोत्सारी असून सुमारे ५,७३० वर्षांत त्याचे अर्धे अणू क्षय पावतात. उत्खननात सापडलेल्या लाकडाचे किंवा हाडाचे वय त्यावरून काढतात. आता हे वाक्य पाहा : 'या नमुन्यात कार्बन १४ टक्के आहे.' येथे चौदा हा आकडा टक्क्यांचा आहे. आणि हे दुसरे : 'या नमुन्यात कार्बन-१४ अत्यल्प आहे.' येथे तो नावाचा भाग आहे. दोन वाक्यांतला सगळा फरक एका रेघेवर तोलून धरलेला आहे. 'युरेनियम-२३५', 'आयोडीन-१३१' यांचेही असेच. येथे मतदान घ्यायचे कारण नाही, रेघ द्यायचीच.

अवकाशयानांची नावे मात्र ज्याने ठेवली त्याच्या पद्धतीने लिहावीत. भारतीय अवकाश संशोधन संस्था 'चांद्रयान-३' असे रेघ देऊन लिहिते. अमेरिकेची नासा 'अपोलो ११' रेघेविना लिहिते. दोघांना एका साच्यात बसवण्याचा उत्साह नको.

यानंतर मापनाची एकके. वीजबिलात ज्याला आपण एक युनिट म्हणतो ते म्हणजे एक किलोवॅट-तास. १,००० वॅटची इस्त्री एक तास चालू ठेवली, किंवा १०० वॅटचा दिवा दहा तास जळला, की एक युनिट वीज खर्च होते. येथील रेघ 'आणि' सांगत नाही. ती गुणाकार सांगते. किलोवॅट गुणिले तास. 'न्यूटन-मीटर' मध्येही तसेच. अंकगणितात 'बारा मजूर पाच दिवसांत काम करतात, तर एकूण किती मनुष्य-दिवस लागले' असे उदाहरण तुम्ही सोडवले असेल. तिथेही बाराला पाचाने गुणून साठ मनुष्य-दिवस येतात. वेग सांगताना मात्र भागाकार असतो : किलोमीटर प्रति तास, अथवा तिरकी रेघ देऊन मीटर/सेकंद. पुष्कळदा वर्तमानपत्रांतसुद्धा 'किलोवॅट प्रति तास' असे छापलेले आढळते. विजेच्या खर्चाबद्दल लिहिताना ते साफ चूक आहे. गुणाकाराच्या जागी भागाकार केला तर गणिताच्या पेपरात शून्य मिळते. मग निबंधात ती सूट का असावी?

आता 'प्रकाशवर्ष' हा शब्द घ्या. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. याला रेघ द्यावी का? प्रकाशाला वर्षाने गुणलेले नाही. विग्रह केला तर 'प्रकाशाने वर्षात कापलेले अंतर' असा होतो. तेव्हा तो जोडूनच लिहावा. ज्या पुस्तकात 'किलोवॅट-तास' मधील रेघ गुणाकार दाखवते, त्याच पुस्तकात 'प्रकाश-वर्ष' लिहिले, तर चाणाक्ष विद्यार्थी नेमका नको तो प्रश्न विचारील आणि त्याचा दोष नसेल.

रेघेची आणखी एक जुळी बहीण आहे : उणे चिन्ह. संगणकाच्या कळफलकावर तर दोघींना मिळून एकच कळ असते. 'शीतपेटीतील तापमान -५ अंश होते' येथे ती उणे आहे; 'तापमान ५-१० अंश होते' येथे ती पाच ते दहा अशी मर्यादा दाखवते. मग 'तापमान -५-१० अंश' म्हणजे काय समजायचे? उणे पाचपासून दहापर्यंत, की उणे पाचपासून उणे दहापर्यंत? लस साठवण्याच्या सूचनेत असा गोंधळ झाला तर लस वाया जाईल. यावर साधा उपाय आहे. मजकुरात उणे हा शब्द अक्षरांनी लिहावा आणि मर्यादेसाठी 'ते' वापरावे : 'उणे ५ ते १० अंश'. दोन्ही मर्यादा उणे असतील तर दोन्ही वेळा उणे लिहावे. मराठीत एवढे सोपे शब्द असताना रेघेवर इतका भार टाकू नये.

हाच विचार आणखी एका ठिकाणी कामाला येतो. इंग्रजी पुस्तकांवरून टिपणे काढताना पुष्कळजण तिथल्या रेघा तशाच उचलून आणतात : 'उच्च-दाब पंप', '१००-वॅट दिवा'. इंग्रजीला तिथे रेघेची गरज असते, कारण कोणता शब्द कोणाला लागतो हे दाखवायला तिच्याजवळ आपल्यासारखे प्रत्यय नाहीत. आपल्याजवळ आहेत! 'उच्च दाबाचा पंप' आणि '१०० वॅटचा दिवा' असे लिहिले की प्रश्नच मिटला. 'जुने धान्यकोठार' म्हटल्यावर कोठार जुने की धान्य जुने अशी शंका आली, तर रेघांची तटबंदी उभारण्यापेक्षा 'जुन्या धान्याचे कोठार' असे लिहून मोकळे व्हावे. आणि चार-पाच पदांची लांबलचक आगगाडी करण्याचा मोह टाळावा. 'सूक्ष्मजीवशास्त्रप्रयोगशाळाउपकरणे' हा शब्द व्याकरणाने कदाचित तरेल, पण वाचणाऱ्याचा श्वास कोंडेल. 'सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील उपकरणे' यात दोन जागा जास्त लागल्या तरी बिघडले कुठे?

माणसांच्या नावांत ही रेघ फार फसवी ठरते. 'बोस-आइन्स्टाइन संख्याशास्त्र' यात दोन माणसे आहेत : सत्येंद्रनाथ बोस आणि अल्बर्ट आइन्स्टाइन. 'बॉइल-मॅरिअट नियम' यातही दोन. मग 'गे-लुसाक नियम' यात किती? एकच! जोसेफ लुई गे-लुसाक हे एका फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव. त्यांचे आडनावच जोडून आहे. इंग्रजी छापखाने एका माणसाच्या जोडनावात आखूड रेघ आणि दोन माणसांच्या मध्ये किंचित लांब रेघ वापरून हा भेद दाखवतात. मराठी छपाईत तो सहसा पाळला जात नाही. म्हणून पुस्तिकेत प्रथम उल्लेख करताना 'बोस व आइन्स्टाइन यांचे' असे स्पष्ट लिहावे. पुढे रेघ दिलेली चालेल.

ही अडचण फक्त तुमच्या विज्ञान मंडळापुढे आहे असे समजू नका. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ती सोडवावी लागली. धूमकेतूला तो शोधणाऱ्याचे आडनाव देतात. दोघांनी स्वतंत्रपणे शोधला तर दोन्ही आडनावे मध्ये रेघ देऊन लिहितात. १९९५ साली हेल आणि बॉप या दोघांनी शोधलेला धूमकेतू तो 'हेल-बॉप'. १९९४ च्या जुलैत गुरू ग्रहावर ज्याचे तुकडे आदळले तो 'शूमेकर-लेव्ही ९'. त्याच्या शोधकांत शूमेकर पतिपत्नी दोघेही होते, म्हणजे माणसे तीन आणि आडनावे दोन. येथवर ठीक चालले होते. पण १९८६ साली एक धूमकेतू सापडला आणि तो शोधणाऱ्याचे आडनाव होते सिंगर-ब्रूस्टर! नियमाप्रमाणे तसेच लिहिले, तर सिंगर आणि ब्रूस्टर असे दोन शोधक होते अशी नोंद जगभर झाली असती. मग काय केले? त्या एका माणसाच्या आडनावातील रेघ काढून टाकली आणि धूमकेतूचे नाव ठेवले 'सिंगर ब्रूस्टर'. धूमकेतूंच्या नावांत रेघेचा अर्थ एकच : येथे एक आडनाव संपले आणि दुसरे सुरू झाले. तो अर्थ अबाधित राखण्यासाठी माणसाच्या स्वतःच्या नावाचे लेखनही बदलावे लागले. अनेकांनी मिळून लिहायच्या याद्यांना अशी शिस्त लागते.

रेघेच्या किमतीची गोष्ट निघाली, की अमेरिकेच्या मरिनर-१ या यानाचे नाव हटकून येते. शुक्राकडे जाण्यासाठी २२ जुलै १९६२ रोजी ते उडाले आणि वाट सोडून भरकटू लागल्यामुळे पाच मिनिटांच्या आतच त्याचा जमिनीवरून नाश करावा लागला. मार्गदर्शनाच्या यंत्रणेत बिघाड झाला होता आणि भरीस भर म्हणून संगणकाला दिलेल्या सूचनांत एक चिन्ह गळाले होते. ते संयोगचिन्ह होते असे त्या वेळी जाहीर झाले आणि जगातली सर्वांत महागडी रेघ म्हणून ती गाजली. पुढे जो खुलासा झाला तो निराळा होता. गळाली ती दोन शब्दांमधली रेघ नव्हे, तर समीकरणातील एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ. तिचा अर्थ होता 'सरासरीने सपाट केलेली किंमत घ्या'. हाताने लिहिलेली समीकरणे उतरून घेताना ती राहिली. त्यामुळे संगणकाने वेगातील किरकोळ चढउतारही गंभीर मानले आणि नको त्या दुरुस्त्या पाठवल्या. कोणतीही रेघ असो, एकाने लिहिलेले दुसऱ्याने उतरवताना ती सुटली, हे मात्र दोन्ही हकिगतींत समान आहे. त्याच वर्षी २७ ऑगस्टला उडालेले मरिनर-२ डिसेंबरात शुक्राजवळून सुमारे ३५,००० किलोमीटर अंतरावरून गेले आणि त्याने शुक्राची माहिती पृथ्वीकडे पाठवली.

आता पुन्हा तुमच्या पुस्तिकेकडे. सहाजणांनी सहा तऱ्हांनी लिहिले आहे. ते एकसारखे कसे करायचे? लिहून झाल्यावर दुरुस्त्या करीत बसण्यापेक्षा आधीच ठरवून घेणे सोपे. मराठी विश्वकोशाचे उदाहरण पाहा. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेल्या या कोशासाठी शेकडो लेखकांनी नोंदी लिहिल्या. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. पण परिभाषा संग्रह, म्हणजे कोणत्या संकल्पनेला कोणता मराठी शब्द वापरायचा याची यादी, १९७३ सालीच छापून झाली होती. ती यादी अनुक्रमाने अठराव्या खंडाची, पण निघाली पहिल्याच्या आधी.

तुम्हाला एवढे मोठे काम करायचे नाही. एक वही घ्या, किंवा संगणकावर लिहीत असाल तर एक पान निराळे ठेवा. कामाला लागण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून नेहमी लागणारे तीस-चाळीस शब्द त्यात वर्णानुक्रमाने लिहा, प्रत्येकाचे एकच रूप. पुढे लिहिताना ज्याला नवा जोडशब्द लागेल त्याने आधी वही पाहावी; शब्द असेल तर तसाच घ्यावा, नसेल तर विग्रह करून रूप ठरवावे आणि नोंदवावे. मतभेद झाला तर शालेय पाठ्यपुस्तक किंवा भाषा संचालनालयाचा त्या विषयाचा परिभाषा कोश उघडावा. तेथेही उलगडा झाला नाही, तर ज्याच्याकडे संपादन सोपवले आहे त्याचा शब्द अखेरचा. त्याचे रूप तुम्हाला आवडले नाही तरी चालेल. पुस्तिकेत दोन रूपे राहिली तर चालणार नाही. शेवटी एकाच व्यक्तीने ती वही हातात धरून सर्व पाने एका बैठकीत वाचावीत, आणि तेवढ्याच हेतूने वाचावीत. माहिती तपासता तपासता रेघा तपासायला गेले, की दोन्ही निसटतात.

विषयसूची करायची असेल तेव्हा या वहीचा गुण कळेल. अर्धी पाने 'क्ष-किरण' खाली आणि अर्धी 'क्षकिरण' खाली अशी विभागणी होणार नाही. संगणकावर शोध घेतानाही तेच. यंत्र अक्षरे ताडून पाहते, अर्थ नव्हे. तुम्ही 'सर्पदंश' शोधायला सांगितलेत आणि उपचाराच्या पानावर 'सर्प दंश' लिहिलेले असेल, तर ते पान त्याला दिसणारच नाही.

आता वहीचे पहिले पान भरण्यासाठी काही शब्द देतो. त्यांपैकी काही मुद्दाम चुकीचे लिहिले आहेत, काही बरोबर आहेत आणि दोन-तीन असे आहेत की ज्यांवर वर्गात वाद होईल : कीटक भक्षी वनस्पती, दिवस-रात्र, जंतू-नाशक, पृष्ठ ताण, ड जीवनसत्त्व, कोबाल्ट ६०, वायूदाबमापक, रेडिओ दुर्बीण, अ-पृष्ठवंशी, मीटर-सेकंद, स्त्री-पुरुष, अन्नसाखळी. प्रत्येकाचा विग्रह करा, रूप ठरवा आणि शेजारच्या बाकावरील गटाने ठरवलेल्या रूपांशी ताडून पाहा.